मूकपटातील ख्रिस्त : नटवर्य एच. बी. वॉर्नर यांची हकिकत

ज्युबिलीच्या ह्या स्मरणपुस्तिकेत देवळाच्या बांधकामाचा वृत्तांत, दिवंगत धर्मगुरूंची स्मरणे व सोडॅलिटीच्या कार्याची माहिती अन्यत्र आली आहे. त्यांच्या पंक्तीस एका विलायती नटाचे चरित्र कशासाठी, असे एखादा वाचक सहजच विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, चाळीसाव्याच्या काळात आमच्या मंडळींनी प्रभूच्या दुःखसहनाचे नाट्य बसवावयाचे मनात आणले म्हणजे एक वाद हटकून उपस्थित होतो. पिलात मिळतो, कयफा मिळतो, यहूदा तर हौसेने मिळतो. परंतु प्रभूची भूमिका कोणी करावी? ज्यास आपण बाजारात भाव करताना पाहतो, ज्याचे रागलोभ आपणांस ठाऊक आहेत, त्याने काट्यांचा मुकुट धारण करून आपणांपुढे उभे राहावे काय? एक पक्ष म्हणतो, चालेल. दुसरा म्हणतो, प्रभू पाठमोराच दाखवावा. ह्या वादात आम्ही स्वतः दोन्ही बाजूंनी बोललो आहोत, हे कबूल केले पाहिजे. हाच प्रश्न एका नटाच्या आयुष्यात फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तो नट म्हणजे हेन्री बायरन वॉर्नर.

आपल्या मराठी ख्रिस्ती पूर्वजांस प्रभूची कथा मुख्यत्वे कानांवाटे मिळाली. फादर थॉमस स्टीफन्स ह्या इंग्रज जेसुइटाने मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले आणि ते देवळांतून मोठ्याने गाइले जाऊ लागले. ऐकणाऱ्याने प्रभूचे रूप आपापल्या मनाने कल्पावे. देवळात मूर्ती होत्याच. पण लाकडाच्या मूर्तीस घरदार नसते, पूर्वचरित्र नसते. नटास ते असते. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी चित्रपटाचा धंदा वाढीस लागला तेव्हा ख्रिस्ती जगात मोठीच कुजबुज झाली. इंग्लंडात १९१२ साली चित्रपट तपासणारे मंडळ स्थापन झाले. त्याचे आरंभीचे ठाम नियम दोनच होते : पडद्यावर नग्नता नको, आणि ख्रिस्ताची भूमिका जिवंत मनुष्याने करावयास नको. हे दोन निषेध एकाच यादीत बसविलेले पाहून आज हसू येते. परंतु त्यामागची भीती खरी होती. त्याच १९१२ साली एका अमेरिकन कंपनीने पॅलेस्टाइन व मिसर देशात जाऊन ‘फ्रॉम द मेंजर टु द क्रॉस’ हा पट घेतला व त्यात रॉबर्ट हेंडरसन-ब्लँड ह्या इंग्रज रंगभूमीवरील नटाने प्रभूची भूमिका केली. तेव्हा वृत्तपत्रांतून बराच गदारोळ उठला. पुढे १९२५ साली ‘बेन-हर’ हा अवाढव्य मूकपट निघाला, त्यात प्रभूचा केवळ हात दाखवून निभावून नेले.

येथे आपल्या प्रांतापुरती एक गोष्ट नमूद करणे अवश्य आहे. प्रभूच्या चरित्राचे असेच एक जुने मूकचित्र मुंबईस गिरगावात पाहून दादासाहेब फाळके ह्यांस कृष्णचरित्र पडद्यावर आणण्याची कल्पना सुचली, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यातून १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ निर्माण झाला व त्यातील राजाची भूमिका दत्तात्रय दामोदर दाबके ह्या नाटकांत कामे करणाऱ्या नटाने केली. तेव्हा रंगभूमी सोडून मुक्या पडद्याकडे वळण्याचा हा प्रवास आपणांसही परका नाही.

आता वॉर्नर ह्यांच्याकडे वळू. त्यांचा जन्म लंडनमध्ये १८७५ च्या सुमारास झाला. वडील चार्ल्स वॉर्नर हे त्या काळचे गाजलेले नट. फ्रेंच कादंबरीकार झोला ह्यांच्या कादंबरीवरून चार्ल्स रीड ह्यांनी लिहिलेले ‘ड्रिंक’ हे नाटक १८७९ साली लंडनात रंगभूमीवर आले. त्यात दारूपायी धुळीस मिळणाऱ्या कामकऱ्याचे काम चार्ल्स वॉर्नर ह्यांनी असे काही केले की, ती भूमिका जन्मभर त्यांच्या पाठीस लागली. दारूच्या वाताने झपाटलेल्या त्या मनुष्याच्या किंकाळ्या ऐकून प्रेक्षकांचा थरकाप होई. सारांश, वॉर्नर घराण्याचे धन म्हणजे आवाज. १९०९ साली न्यू यॉर्क येथे चार्ल्स वॉर्नर ह्यांचा अत्यंत दुःखद रीतीने अंत झाला. त्याविषयी अधिक लिहिण्याचे हे स्थळ नव्हे.

चिरंजीव हेन्री १९०५ च्या सुमारास अमेरिकेस गेले आणि इलेनॉर रॉबसन ह्या विख्यात नटीबरोबर नायकाच्या भूमिका करू लागले. परंतु त्यांचे नाव खरे झाले ते जानेवारी १९१० मध्ये, ‘एलियास जिमी व्हॅलेंटाइन’ ह्या नाटकाने. ओ. हेन्री ह्यांच्या एका लघुकथेवरून ते रचले होते. तिजोऱ्या फोडण्यात निष्णात असा एक चोर तुरुंगातून सुटतो, नाव बदलतो, सचोटीने पेढीत नोकरी करू लागतो. आणि नेमके त्याच वेळी एक लहान मूल पेढीच्या तिजोरीत कोंडले जाते. तिजोरी उघडावी तर पूर्वीचा धंदा उघड होतो व फिरून तुरुंग. न उघडावी तर मूल गुदमरून मरते. पोलिसांचा मनुष्य पाळतीवर असताना तो डोळे बांधून, केवळ बोटांच्या स्पर्शाने कुलपाची चक्रे ओळखीत तिजोरी उघडतो. ह्या प्रसंगी रंगभूमीवर जवळजवळ शब्द नाही. सबंध नाट्यगृह एका मनुष्याच्या दहा बोटांकडे श्वास रोखून पाहात आहे! आमच्या मते वॉर्नर ह्यांच्या पुढील आयुष्याची किल्ली ह्याच प्रसंगात आहे. आवाजाच्या घराण्यात जन्मलेल्या ह्या नटास कीर्ती मिळाली ती न बोलता.

१९१३ साली त्यांनी ‘द घोस्ट ब्रेकर’ ह्या नाटकात काम केले व पुढल्याच वर्षी त्याच नाटकाचा मूकपट झाला, त्यातही नायक तेच. त्या पटाच्या दोघा दिग्दर्शकांपैकी एक होते सेसिल डेमिल. त्यांचे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे. रंगभूमीवरील प्रतिष्ठित नट ह्या काळी चित्रपटास कमी लेखीत. ज्या कलेत वाणीस स्थान नाही ती कला कसली, असा त्यांचा सवाल होता व तो अगदीच गैर नव्हता. नाटकगृहात शेवटच्या रांगेतल्या मनुष्यास ऐकू जावे, दिसावे, म्हणून नट हात फेकतो, मान वळवितो, शब्द तोलून टाकतो. यंत्राच्या डोळ्यापुढे तेच केले तर ते वेड्याचे चाळे दिसतात. कारण तेथे शेवटची रांग नसतेच. पडदाभर दिसणाऱ्या चेहऱ्यावर पापणी हलली तरी ती सर्वांस दिसते. कित्येक मोठे नट येथे फसले. वॉर्नर तरले, कारण त्यांचा मूळ स्वभावच हात राखून अभिनय करण्याचा होता.

मधल्या काळातील त्यांच्या सर्व पटांची जंत्री आम्ही देत बसत नाही. त्यांत कित्येक सामान्य होते. मात्र एकाचा उल्लेख आम्हां हिंदी वाचकांस गंमतीचा वाटेल. १९१६ सालच्या ‘द बेगर ऑफ कॉनपोर’ ह्या पटात ते १८५७ च्या बंडाच्या धामधुमीतील, अफूच्या अर्काच्या व्यसनात सापडलेले इंग्रज लष्करी डॉक्टर झाले होते. कानपूर अर्थातच कॅलिफोर्नियात उभारलेले! रंगभूमीही त्यांनी सोडली नव्हती. १९२४ साली न्यू यॉर्क येथे ‘सायलेन्स’ नावाच्या नाटकात त्यांनी प्रमुख काम केले : मुलीच्या हातून झालेला खून आपल्या अंगावर घेऊन फाशीच्या दारात उभा असलेला व तरीही तोंड न उघडणारा बाप. १९२६ साली डेमिल ह्यांच्या कंपनीने त्याचा मूकपट केला व बापाचे काम वॉर्नर ह्यांनाच दिले. दुसऱ्याच्या अपराधाकरिता मुकाट्याने दंड सोसणारा मनुष्य कसा दिसेल, हे डेमिल ह्यांच्या मंडळींनी येथे पाहून घेतले असले पाहिजे, असा आमचा तर्क आहे.

त्याच वर्षी डेमिल ह्यांनी ‘द किंग ऑफ किंग्ज’ अर्थात ‘राजांचा राजा’ हा पट हाती घेतला व प्रभूच्या भूमिकेकरिता वॉर्नर ह्यांची निवड केली. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी गाठली होती. तेहतीस वर्षांच्या प्रभूकरिता पन्नाशीचा नट! तरुण, देखणे नट हॉलिवुडात काय थोडे होते? परंतु डेमिल ह्यांस देखणेपणा नको होता, भारदस्तपणा हवा होता. पूर्वीच्या चित्रांतून व पटांतून प्रभू फार नाजूक दिसतात, अशी त्यांची तक्रार असे. वडिलांकडून सुतारकाम शिकलेला, व्यापाऱ्यांस मंदिराबाहेर घालविण्याइतका बळकट पुरुष त्यांस हवा होता.

ऑगस्ट १९२६ मध्ये निरनिराळ्या धर्मांच्या व पंथांच्या प्रतिनिधींच्या प्रार्थनेने चित्रणास प्रारंभ झाला. कॅथलिक बाजूने सल्लागार होते फादर डॅनियल लॉर्ड. सेंट लुइस येथे ‘द क्वीन्स वर्क’ हे सोडॅलिटीचे मासिक चालविणारे हेच ते जेसुइट. आपल्या येथील सोडॅलिटीच्या जुन्या सभासदांच्या कानांवरून त्यांचे नाव गेले असेल. समुद्रातील कॅटालिना बेटावर चित्रण चालले असता फादर लॉर्ड तेथे रोज सकाळी पवित्र मिस्सा अर्पण करीत. सिनेमाच्या तळावर मिस्सा, ही तेव्हा नवलाचीच गोष्ट होती. ह्याच फादर लॉर्ड ह्यांनी पुढे १९३० साली अमेरिकन चित्रपटांच्या नीतिनियमांचा मसुदा तयार करण्यात मोठा भाग घेतला.

वॉर्नर ह्यांस ह्या दिवसांत जे नियम पाळावे लागले ते एखाद्या नवशिक्या संन्याशास शोभले असते. वेश चढविल्यानंतर दिग्दर्शकावाचून इतर कोणी त्यांच्याशी बोलावयाचे नाही, ये-जा बंद मोटारीतून, तोंडावर आच्छादन घेऊन, जेवण एकट्याने. पत्ते खेळणे नाही, रात्रीच्या मेजवान्या नाहीत, उघड्या मोटारीतून हिंडणे नाही. शिवाय, पवित्र मरियेचे काम करणाऱ्या डोरथी कमिंग ह्यांच्याकडून व त्यांच्याकडून असा करार लिहून घेतला होता की, पुढील पाच वर्षे ह्या भूमिकेस कमीपणा आणील असे कोणतेही काम पत्करावयाचे नाही. ह्यात जाहिरातीचा अंश नव्हता असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. डेमिल हे जाहिरातीचे शास्त्र पक्के जाणून होते. तथापि त्यामागे आणखीही काही होते. नटाचे पूर्वचरित्र प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढून दूर करावयाचे, मनुष्य पुसून टाकावयाचा व केवळ मुद्रा ठेवावयाची, असा हा यत्न होता. आमच्या नाट्याच्या वादात ‘पाठमोरा प्रभू’ मागणाऱ्या पक्षाचे म्हणणे तरी ह्याहून निराळे काय आहे?

पटात प्रभू प्रथम दिसतात तो प्रसंग मुद्दाम सांगण्याजोगा आहे. कथा बरीच पुढे गेली तरी त्यांचे दर्शन होत नाही. एक आंधळी मुलगी येते. लंगडेपणातून बरा झालेला एक मुलगा, तोच पुढे शुभवर्तमानकार होणारा मार्क अशी कल्पना केली आहे, तिला पवित्र मरियेकडे नेतो व मरिया आपल्या पुत्राकडे. आता पडदा काळोखा होतो, कारण आपण त्या मुलीच्याच डोळ्यांनी पाहात आहोत. काळोखात हळूहळू उजेड फुटतो, उजेडाचा झोत वाढतो आणि त्या उजेडातून एक मुख आपणांकडे पाहू लागते. तेच वॉर्नर. तेथे त्यांनी काय अभिनय केला म्हणाल, तर काहीच नाही. नुसते पाहिले. परंतु आंधळ्याने प्रथमच ज्याच्याकडे पाहावे अशा मनुष्याची ती दृष्टी होती. आम्हांस वाटते, बोलपटाच्या काळात हा प्रसंग असा साधला नसता. आवाज ऐकू आला असता व तो कोणातरी इंग्रज गृहस्थाचा आवाज ठरला असता. येथे प्रभूची वचने पाटीवर अक्षरांनी येतात, पुष्कळदा शुभवर्तमानातील अध्याय व ओवी ह्यांसह. मूकपटांच्या काळी आपल्याकडील थिएटरांतून असल्या पाट्या कोणीतरी मोठ्याने वाचून देशी भाषेत सांगत असे. अशा रीतीने मुका प्रभू कोणत्याही देशात तेथल्या भाषेत बोलू शकत होता.

क्रुसावरील मरणाचे चित्रण १९२६ च्या नाताळच्या आदल्या दिवशी चालू होते. काम संपून जो तो घरी जाण्याच्या घाईत असता डेमिल ह्यांनी सर्वांस पाच मिनिटे थांबून, आज आपण काय पाहिले ह्याचा विचार करण्यास सांगितले. ऑर्गन वाजू लागला व शेकडो माणसे निःशब्द उभी राहिली, असे ते आपल्या आत्मवृत्तात लिहितात. १९ एप्रिल १९२७ रोजी पट न्यू यॉर्क येथे व १८ मे रोजी लॉस एंजेलिस येथील नव्या चायनीज थिएटरात लागला.

हा पट निर्दोष होता असे मात्र कोणी समजू नये. आरंभी मरिया मग्दालियेचा जो विलासी दरबार दाखविला आहे, तिच्या रथास झेब्रे जुंपले आहेत व यहूदा तिचा प्रियकर आहे, तो सर्व डेमिल ह्यांच्या कारखान्याचा माल. शुभवर्तमानात त्यास तिळमात्र आधार नाही. ह्याहून गंभीर गोष्ट यहूदी समाजाची. पटातील कयफा व मंदिरातील गर्दी पाहून आपल्याविषयी द्वेष पसरेल, अशी तक्रार अमेरिकेतील यहूदी संस्थांनी केली. तेव्हा काही भाग गाळले व सारा दोष एकट्या कयफाच्या माथी मारणारा मजकूर घातला. ती तक्रार रास्त होती. प्रभूच्या मरणाचा दोष सर्व यहूद्यांवर, तेव्हाच्या वा आताच्या, लादू नये, असे पवित्र सभेने दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत २८ ऑक्टोबर १९६५ रोजी स्पष्ट शब्दांत सांगितले. त्यापूर्वी आमच्याही दुःखसहनाच्या नाट्यांतून कयफा कसा रंगविला जात असे, हे आठवून आम्हांस मान खाली घालावी लागते.

१९२७ सालीच वॉर्नर ह्यांनी ‘सॉरेल अँड सन’ मध्ये मुलाकरिता हमाली पत्करणाऱ्या बापाचे उत्कृष्ट काम केले. त्याच वर्षाच्या अखेरीस बोलपट आला. कित्येक मूकनट आवाजापायी रस्त्यावर आले. वॉर्नर ह्यांचा आवाज तर पिढीजात कमावलेला होता. तरीही नायकपद परत आले नाही. एक तर वय झाले होते. दुसरे असे की, ज्या मुखास लोकांनी प्रभूचे मुख मानले त्यास प्रेमी वा लफंगा कोण करणार? न्यायाधीश, डॉक्टर, वृद्ध गृहस्थ अशी दुय्यम कामे त्यांच्या वाट्यास आली व ती ते निष्ठेने करीत राहिले. १९३७ च्या ‘लॉस्ट होरायझन’ मधील चँगच्या भूमिकेबद्दल अकादमी पारितोषिकाकरिता त्यांचे नाव सुचविले गेले; पारितोषिक मिळाले नाही.

१९४६ साली फ्रँक काप्रा ह्यांनी ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ ह्या पटात त्यांस औषधविक्या गॉवरचे काम दिले. मुलाच्या मृत्यूची तार आलेली, दुःखाने व दारूने भ्रमिष्ट झालेला हा म्हातारा चुकून औषधात विष घालतो आणि ती चूक ओळखणाऱ्या दुकानातल्या पोराच्या दुखऱ्या कानावर चपराका मारतो. मग सत्य उमगते व तो त्याच पोरास पोटाशी धरून रडतो. वडिलांनी ‘ड्रिंक’ मध्ये जे काम जन्मभर केले त्याची सावलीच पुत्राच्या वाट्यास सत्तरीत आली. हा पट अमेरिकेत नाताळात अजूनही घरोघरी पाहतात; ह्या म्हाताऱ्याने एके काळी प्रभूची भूमिका केली होती, हे त्यांतील किती जणांस ठाऊक असेल? १९५० सालच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’ मध्ये तर ते स्वतःचेच काम करताना दिसतात. मूकपटांच्या काळातील विसरलेली तीन माणसे एका जुन्या नटीच्या घरी पत्ते खेळत बसली आहेत. तोंडात जेमतेम शब्द. करारात मना केलेले पत्ते अखेर हाती आले ते असे.

तथापि सर्वच विसरले नव्हते. डेमिल लिहितात की, एका पाद्र्यांनी वॉर्नर ह्यांस भेटून सांगितले : लहानपणी तो पट पाहिल्यापासून मी प्रभूविषयी बोलतो तेव्हा मला तुमचेच मुख दिसते. नटास ह्याहून मोठी पावती ती कोणती? पण खरे सांगावयाचे तर आम्हांस हे वाचून थोडे भयही वाटले. ह्या वाक्यात वॉर्नर ह्यांचा जय आहे. आणि इंग्लंडातील त्या जुन्या तपासनिसांस ज्याची धास्ती होती तेही नेमके हेच आहे. आमच्या मंडळींचा वाद ह्या कथेने मिटणार नाही, हे आम्ही जाणून आहोत.

डेमिल ह्यांनी त्यांस एकदा आणखी बोलाविले. १९५६ सालच्या ‘द टेन कमांडमेंट्स’ मध्ये, इस्राएल लोक मिसर देशातून निघत असता, अम्मीनादाब नावाचा एक मरणोन्मुख वृद्ध दाखविला आहे. वॉर्नर तेव्हा इतके क्षीण झाले होते की, दुसऱ्या नटाने त्यांस दोन्ही हातांवर उचलून घेतले आहे. पाण्याप्रमाणे आपण ओतले गेलो आहोत, बळ सुकून मरणाच्या धुळीस मिळाले आहे, अशा अर्थाचे एकच वाक्य त्यांस म्हणावयाचे आहे. ते बाविसाव्या स्तोत्रातून घेतले आहे. जुन्या लॅटिन गणनेने एकविसाव्या. क्रुसावर प्रभूंनी ज्याचे पहिले शब्द उच्चारले तेच हे स्तोत्र. १९२७ साली जे मुक्याने केले त्यातील एक शब्द तरी ह्या वेळी त्यांच्या स्वतःच्या आवाजात ऐकू येतो. २१ डिसेंबर १९५८ रोजी वॉर्नर लॉस एंजेलिस येथे वारले. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, २१ जानेवारी १९५९ रोजी, डेमिलही गेले.